एकच माणूस, नऊ वेळा

यंदा चतुर्थीला गावी गेलो तर भाच्याचा धंदा जोरात. धंदा म्हणजे रील्स. पडवीत स्टुलावर मोबाईल टेकवायचा; डोक्याला टॉवेल गुंडाळला की तो आई, चष्मा नाकाच्या टोकावर आणला की आजी, पाठीला बॅग अडकवली की मुंबईहून आलेला चाकरमानी. मग तिघं एकाच चौकटीत बसून मोदकांवरून भांडतात. असा एखादा मुलगा आता प्रत्येक वाडीत सापडेल. त्यात एआयची अ‍ॅप्स आल्यापासून मोठी माणसं पुरती गोंधळलीत. आत्येने मला मागीलदारी गाठून हळूच विचारलं, "ह्यां मशीन करता की तोच करता रे?"

प्रश्न साधा, पण उत्तर द्यायला गेलं की शंभर वर्षं मागे जावं लागतं. म्हणून तिसऱ्या रात्री आरती आणि फुगड्या आटोपल्यावर खळ्यात चादर बांधली, मागून आणलेला प्रोजेक्टर लावला आणि सगळ्यांना मूकपटांच्या काळातला अमेरिकन विनोदी नट बस्टर कीटन याचा १९२१ सालचा 'द प्लेहाउस' दाखवला. दोन रिळांचा मूकपट, वीस-बावीस मिनिटांचा. त्या काळी रीळ म्हणजे साधारण हजार फूट फिल्मची गुंडाळी. आज मुलं सेकंदांची 'रील' करतात. शब्द तोच, लांबी तेवढी आखडली.

सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, ह्यां तर माज्या मोबायलात दोन मिन्टात जाता." मला हेच हवं होतं.

पडद्यावर काय दिसतं

एक माणूस तिकीट काढून नाटकगृहात शिरतो. आत वाद्यवृंद बसलाय. वादक कीटन, त्यांना हात हलवून ताल देणाराही कीटन. पडदा ओढणारा कीटन. रंगमंचावर अर्धवर्तुळात नऊ जण बसलेत, नऊही कीटन. सज्जात प्रेक्षक आहेत: एक म्हातारी, तिच्याजवळ लॉलीपॉप चोखणारं पोर, खालच्या सज्जात नटलेली बाई आणि तिचा नवरा. सगळे कीटनच. पोराच्या हातचं लॉलीपॉप निसटतं आणि खालच्या बाईच्या मांडीवर पडतं. एक प्रेक्षक कार्यक्रमपत्रिका उघडतो, तर वरपासून खालपर्यंत एकच नाव. तो शेजारणीला म्हणतो, हा कीटन म्हणजे सगळा खेळच दिसतोय. शेजारीणही तोच.

हा टोमणा होता. त्या काळी थॉमस इन्स नावाचा मोठा निर्माता होता, त्याला पाटीवर जिथं तिथं स्वतःचं नाव घालायची हौस. कीटनने ती हौस टोकाला नेऊन दाखवली. आपल्याकडच्या एखाद्या बॅनरवर शुभेच्छुक, आयोजक, मार्गदर्शक आणि आधारस्तंभ एकच असतो, तसं. या सिनेमाच्या दिग्दर्शनात मात्र कीटनबरोबर एडी क्लाइन यांचंही नाव आहे.

आणखी एक कारण होतं, साधं, दुखरं. त्याच वर्षी दुसऱ्या एका सिनेमाच्या चित्रीकरणात सरकत्या जिन्यात बूट अडकून कीटनचा घोटा मोडला होता. ज्याचं सगळं पोट उड्या मारण्यावर, त्याला कमी धावपळीची कल्पना शोधणं भाग होतं. पाय अडला, म्हणून डोकं चालवलं.

भिंतीवरचं कॅलेंडर

आता करामत. त्यासाठी एक गोष्ट आठवा. घरात वर्षानुवर्षं एकाच खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं असतं. रंग काढायच्या वेळी ते उतरवलं की मागे एक चौकोन दिसतो, अगदी मूळ रंगाचा, ताजा. भोवतालची भिंत उजेडाने विटलेली, आणि जिथं आडोसा होता तिथं उजेडाला काहीच करता आलेलं नाही.

फिल्म ही अशीच भिंत, फक्त फार हळवी. भिंत विटायला वर्षं लागतात, फिल्मवर सेकंदाच्या अंशात चित्र उमटतं. आणि जिथं उजेड पोचलाच नाही, तो भाग कोराच राहतो. तो भाग नंतर वापरता येतो.

कीटनचा कॅमेरामन एल्जिन लेस्ली याने भिंगासमोर एक पेटी बसवली. तिला उभ्या झडपा, एकीशेजारी एक, जुन्या घरांच्या खिडक्यांना असतात तशा. पहिली झडप उघडली, बाकी आठ बंद. कीटन डावीकडच्या पहिल्या जागी बसला, त्याचं काम करून उठला. फिल्म परत सुरुवातीला गुंडाळली. पहिली झडप बंद, दुसरी उघडी. कीटन दुसऱ्या जागी. पुन्हा गुंडाळी. असं नऊ वेळा. एकाच फिल्मवर पुन्हापुन्हा चित्रण करण्याला मल्टिपल एक्सपोजर म्हणतात आणि त्या झडपेला मॅट. नावं एकदा ऐकून सोडून द्या. आपण आडोसाच म्हणू.

ज्यांनी हिंदी सिनेमातले जुळे भाऊ पाहिलेत, त्यांनी आठवावं: दोघांच्या मधोमध बऱ्याचदा खांब, दाराची चौकट किंवा पडदा असायचा. शिवण लपवायची ती जागा. आणि एक भाऊ दुसऱ्याच्या बाजूला सहसा जात नसे, कारण शिवण ओलांडली की हात हवेत तुटलेला दिसतो. कीटनच्या नऊ जणांपैकीही प्रत्येक जण आपल्या पट्टीतच आहे. पुढच्या वेळी बघताना माणसांकडे बघू नका, त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघा. मजा वेगळीच आहे.

हँडल फिरवणारा माणूस

सगळं कौतुक कीटनचं होतं, पण माझ्या मते या दृश्यातला खरा नट कॅमेऱ्यामागे आहे.

तेव्हाचा कॅमेरा हाताने फिरवायचा. आपल्या फाळक्यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून आणलेला विल्यमसन कॅमेराही हँडलचाच. साधारण हिशेब असा: हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. मिनिटभराच्या दृश्याला एकशे वीस फेरे, नऊशे साठ चौकटी. प्रत्यक्षात वेग कमीजास्त व्हायचा, कॅमेरामन प्रसंग बघून हात आवरायचा किंवा सोडायचा. विनोदी दृश्यात मुद्दाम थोडा हळू फिरवला की पडद्यावर माणसं भरभर धावतात.

पण इथं तशी मुभाच नाही. समजा पहिल्या खेपेला हात जरा सैल पडला आणि पाचव्या खेपेला जरा जोरात फिरला. पहिला कीटन पाचव्यापेक्षा भरभर हलणार. नऊ जण एकत्र टाळी वाजवायला गेले की पाऊस पडल्यासारख्या सुट्या टाळ्या. शिवाय आठ वेळा फिल्म मागे गुंडाळायची, दर वेळी नेमक्या त्याच चौकटीवर आणून थांबवायची. ज्यांनी विहिरीचं पाणी रहाटाने काढलंय त्यांना विचारा, नऊ बादल्या एकाच लयीत वर येतात का. पहिली जोशात येते, नववीला खांदा बोलायला लागतो.

आणि हे सगळं आंधळं. काय उमटलं ते बघायची सोय नाही. फिल्म धुऊन आल्यावरच कळणार. आठ कीटन चोख झाले आणि नवव्याला शिंक आली, तर आठही गेले. नवव्याची चूक पुसून फक्त नववा पुन्हा करता येत नाही, कारण सगळे एकाच फिल्मवर बसलेत.

लेस्लीच्या हाताबद्दल कीटन पुढे नेहमी आदराने बोलला. तो माणूस म्हणजे चालतंबोलतं मेट्रोनोम होतं, असं त्याचं म्हणणं. मेट्रोनोम म्हणजे संगीत शिकणाऱ्यांसाठी टिकटिक करत ताल धरणारं यंत्र. स्वतः कीटनने आपल्या हालचाली बॅन्जोच्या तालावर बसवल्या होत्या. अमुक ठोक्याला मान वळवायची, तमुक ठोक्याला हात. एका खेपेला शेजारची खुर्ची रिकामी असते, तरी तिथं कोणी बसलंय आणि आता ते बोलतंय असं समजून थांबायचं.

आमच्या खळ्यात वाडीतले एक काका बसले होते. आयुष्यभर दशावतारात स्त्रीपार्ट केलेले. ते इथं पहिल्यांदा बोलले. "मृदंग नसतो तर मेलो असतो तो." मूकपटात त्यांना मृदंग ऐकू आला, आणि बरोबर ऐकू आला.

मग हे पहिल्यांदाच घडलं होतं का?

नाही. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १९०० मध्येच एका छोट्या चित्रपटात स्वतःचे सात वादक करून दाखवले होते. मेलिएस मुळात जादूगार. आपले दादासाहेब फाळकेही जादूचे प्रयोग करायचे, आणि त्यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता, दोन्ही भूमिका केल्या. कीटनच्या चार वर्षं आधी. मात्र तिथं कारण निराळं. बायका सहसा सिनेमात काम करायला तयार नसत, आणि साळुंके आधीपासूनच फाळक्यांकडे स्त्रीभूमिका करत होते.

तेव्हा 'पहिला' हा मान कीटनला देऊ नये. मेलिएसचे सात वादक बघून माणूस चकित होतो. कीटनचे नऊ बघून हसतो. चकित होणं दोनदा होत नाही. हसू येऊ शकतं.

पण मोबाईलवर दोन मिनिटांत होतं की!

होतं. मोबाईलमध्ये प्रत्येक खेप वेगळी साठवली जाते आणि नंतर कात्रीने कापून चिकटवावी तशी एकावर एक ठेवली जाते. नववा चुकला तर नववाच पुन्हा काढायचा. वेग मशीन सांभाळतं. एआय तर याच्याही पुढे: तिथं माणूस खुर्चीवर बसलेलाच नसतो. मशीनने असंख्य चित्रं बघितलेली असतात, त्यावरून बसलेला माणूस कसा दिसेल हे ते रचतं. आत्येच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. भाचा जे करतो ते कीटनच्याच घराण्यातलं, तीनदा बसतो तो स्वतःच. एआयवाल्या व्हिडिओत बसणारा कोणी नाही.

पण "सोपं झालं म्हणून जुन्याची किंमत गेली" हे मला पटत नाही. तसं असतं तर मिक्सर आल्यावर पाट्यावरच्या वाटपाचं कोणी नाव काढलं नसतं. अर्थात उलटंही खरं: फक्त कष्ट पडले म्हणून एखादी गोष्ट थोर होत नाही. नुसती मेहनत बघायची असेल तर नांगरणी बघावी.

म्हणून माझं म्हणणं थोडं वेगळं. या सिनेमाची 'नऊ कीटन' एवढीच ओळख उरलीय, आणि ती अपुरी आहे. झडपा, हँडल, आठ गुंडाळ्या हे सगळं करून कीटन पडद्यावर काय करतो? काही नाही. माणसं बसतात, कंटाळतात, डुलक्या घेतात, एकमेकांवर वैतागतात. एवढी जादू करून तो जादूकडे बोटसुद्धा दाखवत नाही. दशावतारी काकांनी नेमकं तेच सांगितलं, म्हातारीकडे बोट करून: "सोंग तोंडार नाय, बसण्यात आसा." कीटनचा चेहरा तर प्रसिद्धच आहे, हलत नाही. मग म्हातारी, पोर आणि नटवी बाई वेगळी कशी वाटतात? पाठीच्या कण्यातून. कॅमेरा नऊ शरीरं देऊ शकतो. नऊ माणसं नटालाच द्यावी लागतात.

जत्रेत पहाटे तीन वाजता देवळाच्या सभामंडपात दमयंती रडते, तेव्हा समोरच्या प्रत्येकाला माहीत असतं की हा दिवसा टेम्पो चालवतो. मागे एक पडदा, पुढ्यात एक बाकडं, तेच सिंहासन आणि तोच डोंगर. कोणी फसलेलं नसतं. तरी बाया पदर डोळ्याला लावतात. युक्ती उघड असूनही जी चालते, तीच जुनी होत नाही. भाच्याचा टॉवेल चालतो तो याच कारणाने.

करामत संपते तिथून पुढे

बऱ्याच जणांची तक्रार असते की पहिली काही मिनिटं झकास, मग सिनेमा ढेपाळतो. मीही कॉलेजात असताना हेच म्हणत होतो. आता मत बदललंय.

नऊ कीटनचं स्वप्न मोडतं. एक धिप्पाड माणूस (नट जो रॉबर्ट्स) त्याला झोपेतून उठवतो. खोलीतलं सामान उचललं जातं. वाटतं, भाडं थकलं आणि घरमालकाने बाहेर काढलं. मग भिंतीच उचलल्या जातात. खोली म्हणजे नाटकाचा सेट होता आणि हा तिथला कामगार, कामाच्या वेळी झोपलेला. इथून पुढे कॅमेऱ्याची करामत बंद. पण विषय तोच राहतो: एक की दोन?

नाटकगृहात जुळ्या बहिणी येतात. एकीला तो आवडतो, दुसरीला नाही, आणि त्या दोन आहेत हेच त्याला ठाऊक नाही. आत्ता हसून बोलली, वळून बघतो तर फटकारते. मग आरसे येतात आणि दोनाच्या चार होतात. मग प्रयोगातलं माकड याच्या हातून सुटतं आणि त्याच्या जागी हाच माकड बनून रंगमंचावर जातो. हा प्रसंग मला सगळ्यात आवडतो. यात झडप नाही, फिल्म गुंडाळणं नाही. एक माणूस खुर्चीवर उडी मारतो आणि क्षणभर आपण खरंच विसरतो. स्वप्नात कॅमेऱ्याने त्याला नऊ माणसं केलं. जागेपणी त्याने अंगाने स्वतःला माणसाचा माकड केलं. दुसरा बदल मला मोठा वाटतो. खळ्यातली पोरंही तिथंच लोळली, नऊ कीटनला नाही.

शेवटाकडे काचेच्या टाकीत पाण्याखाली श्वास रोखण्याचा खेळ करणारी मुलगी अडकते. कीटन घाईघाईने चहाच्या कपाने पाणी उपसायला लागतो. पावसात होडीत पाणी शिरल्यावर डबा घेऊन बसलेला आमचा शेजारी मला तिथं हटकून आठवतो. मग घण घालून काच फोडली जाते, नाटकगृहात पूर येतो, आणि कीटन ढोलात बसून व्हायोलिनचं वल्हं करून निघतो. वाद्यवृंदाचं असं विसर्जन!

अगदी शेवटी तो लग्नाला चुकीच्या बहिणीला घेऊन निघतो, परत येतो, बरोबरचीला शोधतो आणि तिच्या मानेमागे फुलीची खूण करून ठेवतो. नऊ सारख्यांपासून सुरू झालेला सिनेमा एकीला वेगळं ओळखण्याच्या धडपडीत संपतो. म्हणून मी म्हणतो, उत्तरार्ध ढेपाळत नाही.

काळं फासलेले नऊ चेहरे

एक गोष्ट मात्र झाकून चालणार नाही. ते अर्धवर्तुळात बसलेले नऊ कीटन काळं फासून बसलेत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात 'मिन्स्ट्रल शो' नावाचा प्रकार फोफावला. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला लावून काळ्या लोकांची टिंगल करायचे: आळशी, मूर्ख, सदा नाचणारे. १९२१ मध्ये हा प्रकार इतका सवयीचा होता की कीटनला त्यात वावगं वाटलं नसावं. हे कारण झालं, सुटका नव्हे. सिनेमातलं सगळ्यात अवघड तंत्र आणि सगळ्यात ओशाळवाणा भाग एकाच चौकटीत आहेत. कात्री लावून वेगळे करता येत नाहीत.

खळ्यात लगेच एकाने विचारलं, मग आपला संकासुर? तोही काळाच की. बरोबर, दशावताराच्या सुरुवातीला काळ्या कपड्यात, काळ्या मुखवट्याचा संकासुर येतो आणि मालवणीत धमाल उडवतो. पण संकासुर राक्षस आहे. तो शेजारच्या वाडीतल्या कुणा माणसाची नक्कल नाही. अमेरिकेत ज्यांची नक्कल चालली होती ती माणसं त्याच शहरात राहत होती, आणि अनेक नाटकगृहांत त्यांना बाकीच्यांच्या शेजारी बसायचीही मुभा नव्हती.

आपण धुतल्या तांदळासारखे आहोत असं मात्र नाही. सावळी नवरी, तोतरा नोकर यांच्यावर आपल्या रंगमंचाने किती हशे वसूल केलेत ते आठवून बघा. मी तो प्रसंग गाळला नाही, आधी दोन वाक्यं सांगितली आणि मग दाखवला. आत्ये म्हणाली, "सांगलंस ता बरा केलंस." हसणं तिथं थोडं कमी झालं. व्हायलाच हवं होतं.

खळ्यातला ढग

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याने हट्टाने जुन्या पद्धतीचा खेळ मांडला. एडिटिंगमध्ये वेग बदलायचा नाही, चूक झाली तर सगळं पहिल्यापासून. काकांना ठेका धरायला बसवलं. शिवण लपवायला पडवीचा खांब. डावीकडे आई, उजवीकडे चाकरमानी, दोघं एकाच ठोक्याला मोदक उचलणार.

पहिली खेप छान झाली. दुसऱ्या खेपेला ठेकाही जमला, हातही बरोबर वेळेला गेला. जोडून बघितलं तर आईच्या बाजूला लख्ख ऊन आणि चाकरमान्याच्या बाजूला अंधारून आलेलं. मधल्या चार मिनिटांत ढग आला होता. एकाच खळ्यात, एकाच क्षणी, खांबाच्या अलीकडे सकाळ आणि पलीकडे संध्याकाळ.

"कीटनाक ढग येय नसतले?" त्याने विचारलं. मी म्हटलं, येत असणार, म्हणूनच स्टुडिओत दिवे असतात. तो काही बोलला नाही. डोक्याचा टॉवेल तसाच ठेवून, हातात मोदक घेऊन, ऊन परत यायची वाट बघत पायरीवर बसून राहिला.